पाण्याने भिजलेले घर वाळवून देणारी सेवा: सोळा दिवसांचा अनुभव

न्हाणीघरातील बेसिनखालची नळी फुटली तेव्हा आम्ही दोन दिवस बाहेरगावी होतो. परत येऊन दार उघडले, तर पॅसेजमध्ये दोन बोटे पाणी, झोपायच्या खोलीतील लॅमिनेटच्या फळ्या कडेने फुगलेल्या आणि घरभर ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास. विजेचा मुख्य खटका पाडून, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून बादल्या आणि फडकी घेऊन दोन तास राबल्यावर जमीन वरवर कोरडी दिसू लागली. इथवर आले की काम संपले असे आपण समजतो आणि पंखे लावून झोपी जातो. आम्हीही तेच करणार होतो; पण अभ्यासिकेच्या जिप्सम बोर्डच्या भिंतीवर हात ठेवला, तर ती गुडघ्यापर्यंत गार आणि मऊ लागली, म्हणून अशा कामाच्या व्यावसायिक सेवेला फोन केला. त्यांच्या कामात मला काही गोष्टी फार चांगल्या आढळल्या आणि काही चांगल्याच खटकल्या. नाव देत नाही, कारण येथे मुद्दा कामाच्या पद्धतीचा आहे, आणि पद्धत ओळखता आली तर कोणत्याही सेवेची पारख करता येते.

तीन तासांच्या आत दोघे जण आले. त्यांतील ज्येष्ठ तंत्रज्ञाने पाणी किती आले हे विचारण्याआधी विचारले, "मॅडम, पाणी कधीपासून वाहत होतं?" त्या वेळी हा प्रश्न मला औपचारिक वाटला. पुढे कळले की त्यांच्या कामाची सारी आखणी त्या उत्तरावर उभी असते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही, आणि त्यापुढे गेली तर ती धरेल असे समजूनच काम करावे लागते. शिवाय या व्यवसायात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एस-५०० या मानकात पाण्याचे तीन वर्ग केले आहेत: नळाचे स्वच्छ पाणी पहिल्या वर्गात, कपडे धुण्याच्या यंत्रातून सांडलेले वापराचे पाणी दुसऱ्यात, आणि मैलापाणी किंवा पुराचे पाणी तिसऱ्यात. पाणी वर्ग बदलते, ही त्यातली मेख आहे. आमचे पाणी नळातून निघाले तेव्हा पिण्याजोगे होते, पण दोन दिवस धूळ, गालिचा, लाकडाचा भुसा आणि फरशीखालची घाण यांत मुरल्यावर त्याला पहिल्या वर्गात ठेवायला तंत्रज्ञ तयार झाला नाही. त्यामुळे गालिच्याखालचा फोम आणि भिंतीतील ग्लासवूल वाळवण्याच्या भानगडीत न पडता त्याने ते सरळ फेकायच्या ढिगात टाकले. लॅमिनेटचेही तेच झाले, कारण दाबलेल्या भुशाचा गाभा एकदा फुगला की तो वाळतो, परंतु बसत नाही.

उपसा यंत्राने उरलेले पाणी ओढायला त्यांना जेमतेम तासभर लागला. ते काम कोणीही करू शकेल. मला पटले ते त्यानंतरचे काम. तंत्रज्ञाने खिशातून दोन टोचण्या असलेला ओलावामापक काढला आणि आधी भिजलेल्या भिंतीला न लावता तो दुसऱ्या टोकाच्या, पाण्याचा थेंबही न पोहोचलेल्या खोलीतील लाकडी चौकटीला टोचला. आकडा आला १२ टक्के. तो त्याने वहीत वर लिहिला आणि म्हणाला, "तुमच्या घरातलं कोरडं लाकूड हे एवढं. इथपर्यंत आणायचं." मग अभ्यासिकेच्या भिंतीतील चौकटीला टोचल्यावर २८ आला. भिंतीवर दर वीतभर अंतरावर टोचून, जिथे ओल संपते तिथे चिकटपट्टी लावत तो सरकत गेला, आणि प्रत्येक जागी शिसपेन्सिलीने तारीख व आकडा लिहित गेला. अर्ध्या तासात भिंतीवर ओलीचा एक नकाशाच उभा राहिला. जमिनीवर पाणी दोन बोटे होते, पण बोर्डाच्या आत ते टिपकागदासारखे ३५ सेंटिमीटर वर चढले होते, आणि एका कोपऱ्यात तर त्याहूनही वर.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल येथे एक सांगावेसे वाटते, कारण जाहिरातींत त्याचा फार डंका असतो. तो कॅमेरा ओल पाहत नाही, तापमान पाहतो. बाष्पीभवनामुळे ओली जागा गार पडते म्हणून ती पडद्यावर निळी दिसते. आमच्या झोपायच्या खोलीच्या छताजवळ असाच एक मोठा निळा पट्टा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. तंत्रज्ञ शिडीवर चढला, टोचण्या टोचल्या आणि खाली उतरून म्हणाला, "कोरडं आहे, कोपराच गार आहे." जो माणूस कॅमेऱ्याचे चित्र दाखवून लगेच भिंत फोडायला सांगतो, त्याला मापक लावून दाखवायला सांगावे. मापकाच्या आकड्याचीही मर्यादा आहेच: लाकडासाठीचे टक्के लाकडापुरतेच खरे असतात, गिलाव्यावर किंवा जिप्समवर तोच आकडा केवळ कोरड्या जागेशी तुलना करण्यापुरता उपयोगी पडतो. त्याने न विचारता हे सांगितले, आणि माझा त्याच्यावरचा विश्वास तिथे बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कर्टिंगच्या पट्ट्या काढून, बोर्ड तळापासून ४५ सेंटिमीटर उंचीवर सरळ रेषेत कापून त्यांनी चार ब्लोअर आणि दोन डीह्युमिडिफायर लावले. एवढी यंत्रे कशाला, खिडक्या उघडून पंखे लावले तर चालणार नाही का, असे मी विचारले. ही शंका बहुतेकांना येते आणि तिचे उत्तर साध्या हिशेबात आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर २३ ग्रॅम बाष्प मावते. आमची अभ्यासिका साधारण ४० घनमीटरची. म्हणजे तिची सारी हवा पूर्ण भरली तरी तिच्यात एक लिटर पाणीसुद्धा मावणार नाही, आणि हवेत आधीच निम्मे बाष्प असेल तर जेमतेम अर्धा लिटर. भिंती व जमीन मिळून कितीतरी लिटर पाणी पोटात धरून बसलेल्या. नुसते पंखे लावले की ते पाणी भिंतीतून निघते, हवेत जाते आणि शेजारच्या कोरड्या खोलीतील कपाटावर, पुस्तकांवर जाऊन बसते. बाहेरची हवा कोरडी असेल तर खिडक्या उघडून थोडे काम होते. ती दमट असेल तर उघडी खिडकी आणखी बाष्प आत घेऊन येते. म्हणून ब्लोअरने पाणी भिंतीतून उठवायचे आणि डीह्युमिडिफायरने ते हवेतून खेचून टाकीत जमा करायचे, ही जोडगोळी हवी. त्यांतले एक काढले की दुसरे निरर्थक. पहिल्या चोवीस तासांत दोन्ही टाक्या मिळून १८ लिटर पाणी निघाले. ज्या जमिनीला आम्ही कोरडी समजून झोपणार होतो, त्या घरातले हे पाणी.

या यंत्रांचा आवाज मात्र असह्य असतो, आणि त्याची कल्पना आधी कोणी देत नाही. रात्रंदिवस, एक क्षणही न थांबता चालणारी घरघर. कोपऱ्यात बोलायचे तरी ओरडून बोलावे लागते. विजेचा खर्च घरमालकाच्या माथी पडतो, हेही करारात बारीक अक्षरात होते. आवाज सहन न होऊन रात्री यंत्रे बंद करणारी घरे पुष्कळ असतात, असे तंत्रज्ञ म्हणाला, आणि मग चार दिवसांचे काम आठ दिवसांवर जाते. आम्ही नातेवाइकांकडे झोपायला गेलो. ज्यांना तशी सोय नाही त्यांनी सेवा ठरवतानाच कोणती खोली यंत्रांपासून मोकळी ठेवता येईल हे विचारून घ्यावे.

बुरशीचे प्रकरण निघाले ते त्याच दिवशी दुपारी, आणि तिचा फुटलेल्या नळीशी काही संबंध नव्हता. झोपायच्या खोलीतील भिंतीला चिकटलेले कपाट जमीन मोकळी करण्यासाठी पुढे ओढले, तेव्हा त्याच्या पाठीमागे साधारण चार फूट रुंद आणि पाच फूट उंच असा हिरवट काळा डाग पसरलेला होता. मध्यभागी मखमलीसारखी जाड लव, कडेला विरळ ठिपके. कपाटाच्या प्लायवूडची पाठ त्याच आकारात काळवंडलेली. तंत्रज्ञाने पहिल्यांदा काय केले असेल, तर त्या खोलीतला ब्लोअर बंद केला आणि दार लावून घेतले. बुरशी दिसत असताना तिच्यावर वारा सोडणे म्हणजे बीजाणू घरभर पेरणे. दोन दिवसांत एवढी बुरशी वाढत नाही, हे काही महिन्यांचे काम आहे, असे तो म्हणाला. भिंतीपलीकडे न्हाणीघर होते, आणि शॉवरच्या नळाचा भिंतीतला सांधा थेंबथेंब पाझरत होता.

आता कबूल केले पाहिजे की त्या कपाटाच्या कडेला वर्षभरापूर्वी मला काळी रेघ दिसली होती. मी ती ब्लीचने पुसली आणि वरून रंगाचा हात मारला. ब्लीचने वरचा काळा रंग उडतो, त्यामुळे गेली असे वाटते. पण गिलावा आणि लाकूड यांसारख्या सच्छिद्र पृष्ठभागात त्यातले पाणीच अधिक खोल जाते, आणि मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास देतच राहते, म्हणून ती मारून भागत नाही, काढावी लागते. ब्लीच आणि अमोनिया असलेले दुसरे कोणतेही द्रावण एकत्र केले तर विषारी वायू तयार होतो, हे तर घराघरांत लिहून ठेवायला हवे. भिंतीवरचा प्रत्येक पांढुरका थर बुरशीचा नसतो, हेही याच वेळी शिकले. विटेतील क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन भिंतीला लोणा लागतो. त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही. आमच्या डागाच्या तळाशी लोणाही होता, म्हणजे ओल जुनी होती याचा तोही पुरावाच.

पर्यवेक्षकाने स्पष्ट सांगितले की नळकारागीर येऊन सांधा दुरुस्त करीपर्यंत त्यांची माणसे बुरशीला हात लावणार नाहीत, आणि नळकाम त्यांच्या कामात बसत नाही. मी त्या वेळी चिडले. कामगार घरात, यंत्रे घरात आणि केवळ एका सांध्यासाठी दोन दिवस खोळंबा. आज मला तो त्यांच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो, कारण पाणी चालू ठेवून बुरशी साफ करणारा माणूस सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणे येईल याची तजवीज करीत असतो.

सांधा बदलल्यावर त्यांनी दाराला आणि खोलीच्या अर्ध्या भागाला जाड पॉलिथीनचा पडदा लावला, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि आतली हवा हेपा फिल्टरमधून खेचून खिडकीवाटे बाहेर सोडणारे यंत्र लावले. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो तो हेपा फिल्टर. बीजाणू त्याहून बरेच मोठे असतात. यंत्र सुरू होताच पडदा आतल्या बाजूला पोट खपाटीला गेल्यासारखा ओढला गेला. घरमालकाने काही पाहायचेच असेल तर ते हे. पडदा आत ओढलेला असेल तर हवा घरातून त्या खोलीत जाते आहे. तो सैल लोंबत असेल किंवा बाहेर फुगला असेल, तर खोलीतली घाण घरात येते आहे. प्लायवूडची पाठ आतल्या आतच पिशवीत बांधून बाहेर नेली. भिंतीवर आधी पाण्याचा हलका फवारा मारून, कण उडू नयेत याची काळजी घेत रंग खरवडला, हेपा व्हॅक्यूम फिरवला, साबणाच्या पाण्याने धुतले, वाळवले आणि पुन्हा व्हॅक्यूम केला. यात जादूचे कोणतेही रसायन नव्हते.

आता खटकलेल्या गोष्टी. पडद्याच्या आत काम करणारा एक मुलगा दुपारी त्याच पादत्राणांनी पॅसेजमधून स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि पाणी पिऊन परत आला. हजारो कण अडवणारे यंत्र लावायचे आणि तळव्यांना चिकटलेली माती घरभर फिरवायची, याला काय म्हणावे? मी सांगितल्यावर पर्यवेक्षकाने माफी मागितली आणि ओला पोछा व व्हॅक्यूम पुन्हा फिरवून घेतला, पण हे मी घरी नसते तर कोणाच्या लक्षात आले असते, हा प्रश्न उरतोच.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पाचव्या दिवशी पर्यवेक्षक यंत्रे उचलायला आला. वरच्या बोर्डाचे आकडे उत्तम होते, परंतु चौकटीच्या तळाच्या आडव्या लाकडावर त्याच दिवशीचा पेन्सिलीचा आकडा १९ होता. "वीसच्या खाली आलं म्हणजे झालं," असे तो म्हणाला. वीसच्या वर लाकडाला बुरशीचा धोका वाढतो हे खरे. पण पहिल्या दिवशी त्यांच्याच माणसाने ठरवलेले उद्दिष्ट १२ होते, आणि १९ वर नवा बोर्ड ठोकून ती ओल आत कोंडली असती तर तिला बाहेर पडायला वाटच राहिली नसती. मी वहीतले पहिले पान दाखवले. त्यावर फारसा वाद न घालता त्याने दोन ब्लोअर आणि एक डीह्युमिडिफायर आणखी दोन दिवस ठेवले. भिंतीवर आकडे लिहिलेले नसते तर माझ्याकडे त्याला अडवायला काहीही नव्हते, हे येथे त्यांच्याच पद्धतीच्या बाजूने नोंदवते.

त्याचबरोबर घरभर बुरशीनाशकाचा धूर सोडण्याची आणि कामाच्या आधी व नंतर हवेचे नमुने तपासण्याची वेगळ्या दराची योजनाही त्याने पुढे केली. दोन्ही मी नाकारल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनात म्हटले आहे की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर नमुने घेण्याची बहुधा गरज नसते, आणि हवेत किती बीजाणू चालतील याची कोणतीही सरकारी मर्यादा तिथे ठरलेली नाही. मग आकडा आला तरी तो कशाशी ताडायचा? धुराबद्दल सांगायचे तर तो भिंतीवरची बुरशी काढत नाही आणि भिंतीतली ओलही काढत नाही. स्वतःच्या कामाची परीक्षा स्वतःच घ्यायची हा प्रकारही मला रुचला नाही. काम संपल्यावर मी या सेवेशी संबंध नसलेला एक परीक्षक बोलावला. त्याने टॉर्च आडवा धरून भिंत पाहिली, वास घेतला, आकडे घेतले आणि शेवटी गडद रंगाचे फडके दाराच्या चौकटीच्या माथ्यावरून फिरवले. फडक्यावर पांढरट धूळ आली. पडदा अजून उतरवलेला नव्हता, म्हणून सेवेची माणसे दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा सगळे व्हॅक्यूम करून गेली, आणि त्यासाठी त्यांनी वेगळे पैसे मागितले नाहीत.

करार करताना आणखी एका बाबतीत आमची फसगत झाली, आणि तिचा दोष अर्धा आमचाच. पूर्ववत करून देणे या शब्दांवरून आम्हाला वाटले की कापलेला बोर्ड, स्कर्टिंग, रंग हे सारे तेच करतील. त्यांच्या लेखी वाळवणे आणि साफ करणे इथे काम संपते. पुन्हा उभारणे हे निराळे काम, निराळी माणसे. पुढचे नऊ दिवस अभ्यासिकेची भिंत तळाशी उघडीच होती. शेवटी दिलेला अहवालही ढिसाळ निघाला. आकड्यांचा तक्ता व्यवस्थित, पण छायाचित्रांवर ना तारीख ना खोलीचे नाव. विम्याच्या दाव्यासाठी नेमकी तीच लागतात, म्हणून मी माझ्या फोनमधली छायाचित्रे जोडली.

तेव्हा ही सेवा घ्यावी का? डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल, पाणी स्वच्छ असेल आणि घरात दमेकरी किंवा लहान मूल नसेल, तर एन-९५ मास्क, हातमोजे, साबण आणि चिकाटी यांवर घरच्या घरी भागते. मैलापाणी आले असेल, भिंतीच्या पोटात ओल गेली असेल किंवा दोन दिवस उलटून गेले असतील, तर माझा कौल व्यावसायिकांच्या बाजूने. यांनाच पुन्हा बोलावीन का, असे कोणी विचारले तर त्या ज्येष्ठ तंत्रज्ञासाठी बोलावीन, आणि यंत्रे कोणत्या आकड्यावर उचलायची हे आधी लिहून घेईन.

नवा बोर्ड सोळाव्या दिवशी, तळाच्या लाकडाने १२ दाखवल्यावर बसवला. त्या भिंतीच्या स्कर्टिंगची एक पट्टी मी सुताराला खिळ्यांनी ठोकू दिली नाही, दोन स्क्रूंवर बसवून घेतली आहे. छोटा मापक विकत घेतला आहे, तो टेबलाच्या खणात असतो. दर महिन्याला पट्टी काढते, टोचण्या टोचते आणि आकडा पट्टीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिते. गेल्या आठवड्यात ११ आला.